मानसशास्त्रीय संशोधनपद्धतींचे अध्यापन

मानवी व मानवेतर प्राण्यांच्या वर्तनासंबंधी प्रश्न कसे मांडावेत, त्यांच्या उत्तरांसाठी पुरावा कसा जमवावा आणि त्या पुराव्यावरून कोणते व किती अनुमान काढणे न्याय्य ठरते, ह्यांचे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. प्रायोगिक अभिकल्प, मानसमापन, संख्याशास्त्र, निरीक्षण व मुलाखत ह्यांसारखी गुणात्मक तंत्रे, संशोधनाची नीती आणि अहवाललेखन ह्यांचा त्यात अंतर्भाव होतो. सामान्यतः व्याख्याने, प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके आणि प्रबंधिका अशा तीन अंगांनी हे शिक्षण दिले जाते.

मानसशास्त्रात ह्या शिक्षणाला विशेष महत्त्व येण्याची कारणे त्या शास्त्राच्या स्वरूपातच आहेत. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत येतो तेव्हा क्षारांविषयी त्याची ठाम मते नसतात. परंतु मुले का बिघडतात, स्मरणशक्ती कशाने वाढते, स्त्रीपुरुषांच्या स्वभावांत काय भेद असतो, ह्यांविषयी प्रत्येकाची मते आधीच तयार असतात. दुसरे असे, की ह्या शास्त्रात निरीक्षक आणि निरीक्षणाचा विषय हे दोघेही माणूसच असतात. निरीक्षकाची अपेक्षा समोरच्या व्यक्तीला नकळत कळते व तिचे वर्तन त्यानुसार बदलू शकते. तिसरे, बुद्धी, चिंता, प्रेरणा ह्या गोष्टी प्रत्यक्ष दिसत नाहीत. वर्तनाच्या खुणांवरून त्यांचे अनुमान करावे लागते. ह्या अनुमानांवरून एखाद्या मुलाला मतिमंद ठरविले जाते, उमेदवाराची निवड वा नकार ठरतो आणि रुग्णाच्या उपचाराची दिशा निश्चित होते. त्यामुळे पद्धतीतील चूक प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहत नाही. स्वतःच्या मताला तपासणीच्या कक्षेत आणण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे, हे ह्या अध्यापनाचे मूळ उद्दिष्ट होय.

इतिहास : मानसशास्त्रीय संशोधनाचे संघटित शिक्षण जर्मनीतील लाइपसिक येथे सुरू झाले. तेथील विद्यापीठात व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) ह्यांनी १८७९ मध्ये स्थापन केलेली प्रयोगशाळा ही संशोधनाची जागा होती, तशीच ती एक शाळाही होती. प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा ती व्यक्ती, म्हणजे प्रयुक्त, ह्या भूमिका तेथील विद्यार्थी आपापसांत आलटूनपालटून करीत. दोन्ही बाजूंचा अनुभव घेतल्यावाचून प्रयोगाची जाण येत नाही, हा विचार पुढे जगभरच्या प्रात्यक्षिकांत टिकून राहिला. व्हुंट ह्यांचे इंग्रज शिष्य एडवर्ड टिचनर (१८६७–१९२७) ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रात्यक्षिकांना शिस्तबद्ध रूप दिले. १९०१ ते १९०५ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगपुस्तिकेत विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी स्वतंत्र भाग होते. शिकविणाऱ्यालाही शिकावे लागते, हे त्यात गृहीत धरलेले होते.

पद्धतीचे महत्त्व पटवून देणारे एक उदाहरण ह्याच सुमारास बर्लिनमध्ये घडले. फोन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा ‘हान्स’ हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खुराने टकटक करून देत असे. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंफ (१८४८–१९३६) ह्यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली. प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो असे त्यांना आढळले. टकटक योग्य संख्येपर्यंत पोहोचताच प्रश्नकर्त्याच्या मानेची किंचित हालचाल होई आणि तीच घोड्याला थांबण्याची खूण ठरे. फुंग्स्ट ह्यांचा अहवाल १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या प्रकरणात लबाडी कोणीच केली नव्हती. सर्वजण प्रामाणिकपणे फसले होते. म्हणूनच प्रामाणिकपणा आवश्यक असला, तरी तो पुरेसा नाही व त्याला पद्धतीची जोड लागते, हे शिकविण्यासाठी ह्या उदाहरणाचा उपयोग होतो.

भारतात मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये सुरू झाले. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्त ह्यांच्याकडे होती. ते हार्व्हर्ड विद्यापीठात व्हुंट ह्यांचे शिष्य ह्यूगो म्यून्स्टरबेर्क ह्यांच्या हाताखाली शिकले होते. १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठात एम्. व्ही. गोपालस्वामी ह्यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्र विभाग सुरू झाला. गोपालस्वामी हे लंडनच्या चार्ल्स स्पिअरमन ह्यांचे विद्यार्थी, आणि स्पिअरमन ह्यांनीही लाइपसिकलाच पदवी मिळविली होती. अशा रीतीने भारतातील दोन्ही आरंभीच्या परंपरा एकाच प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचतात. इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही संस्था १९२४ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात व्ही. के. कोठुरकर ह्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राच्या अध्यापनाला चालना दिली.

संख्याशास्त्राचा प्रवेश : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापर्यंत प्रात्यक्षिके हाच संशोधनशिक्षणाचा गाभा होता. पुढे संख्याशास्त्राला प्राधान्य आले. हेन्री गॅरेट (१९२६) व जे. पी. गिलफर्ड (१९४२) ह्यांची मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र ह्यांसाठी लिहिलेली संख्याशास्त्राची पाठ्यपुस्तके भारतातही दीर्घकाळ वापरात राहिली. रॉबर्ट वुडवर्थ ह्यांच्या १९३८ च्या ग्रंथामुळे स्वतंत्र परिवर्त्य व आश्रित परिवर्त्य ही परिभाषा रूढ झाली. प्रयोगकर्ता जे बदलतो ते स्वतंत्र परिवर्त्य व त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजला जातो ते आश्रित परिवर्त्य होय.

ह्या कालखंडावर सर्वांत खोल ठसा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) ह्यांचा आहे. त्यांच्या १९२५ व १९३५ च्या ग्रंथांतील तंत्रे मूळची शेतीविषयक प्रयोगांतून विकसित झालेली होती. १९३५ च्या ग्रंथातील चहाच्या प्रयोगाचे उदाहरण आजही वर्गात सांगितले जाते. पेल्यात आधी दूध ओतले की आधी चहा, हे केवळ चवीवरून ओळखता येते, असा एका स्त्रीचा दावा आहे. तिला ८ पेले यादृच्छिक क्रमाने दिले जातात; त्यांपैकी ४ एका प्रकारचे व ४ दुसऱ्या प्रकारचे असतात. ८ पेल्यांतून ४ निवडण्याचे ७० प्रकार संभवतात. तिला काहीच ओळखता येत नाही असे गृहीत धरले, तर सर्व पेले केवळ योगायोगाने बरोबर निवडले जाण्याची संभाव्यता ७० त १, म्हणजे सु. १·४ टक्के ठरते. चारांपैकी तीन किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता मात्र ७० त १७, म्हणजे सु. २४ टक्के आहे. म्हणून तेवढ्यावरून दावा मान्य करता येणार नाही. ‘काही फरक नाही’ ह्या गृहीतास शून्य गृहीतक म्हणतात. ते खरे असते तर हाती आलेल्या निष्कर्षाइतका किंवा त्याहून टोकाचा निष्कर्ष मिळण्याची जी संभाव्यता, तिला सार्थकता-मूल्य म्हणता येईल. हे मूल्य ५ टक्क्यांहून कमी असल्यास निष्कर्ष सार्थक समजण्याचा संकेत रूढ झाला.

यर्झी नेमन व एगॉन पीअर्सन ह्यांनी १९३३ मध्ये ह्याहून भिन्न उपपत्ती मांडली. तीनुसार दोन पर्यायी गृहीतके आणि दोन्ही बाजूंच्या चुकांची मान्य प्रमाणे आधीच ठरवावी लागतात. फिशर ह्यांना ही भूमिका कधीच मान्य झाली नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र हा वाद न सांगता दोन्ही विचारांचे मिश्रण एकच सर्वमान्य पद्धत म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवले. त्यामुळे मूळचे विचार मागे पडून ठराविक पायऱ्यांचा एक विधी उरला : शून्य गृहीतक मांडावे, सूत्र वापरावे, कोष्टक पाहावे आणि ‘सार्थक’ किंवा ‘असार्थक’ असा शेरा लिहावा.

संशोधनपद्धती म्हणजे केवळ सांख्यिकीय चाचणी नव्हे, हे सांगणारे लेखनही ह्याच काळात झाले. ली क्रॉनबाक व पॉल मील ह्यांनी १९५५ मध्ये मानसिक कसोट्यांच्या संकल्पनात्मक यथार्थतेचे विवेचन केले. डॉनल्ड कँबेल व जूलियन स्टॅन्ली ह्यांनी १९६३ मध्ये प्रयोगाचा निष्कर्ष कोणकोणत्या कारणांनी फसवा ठरू शकतो, ह्याची सूची तयार केली. उदा., वार्षिक परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या मुलांना खास मार्गदर्शन दिले व पुढील परीक्षेत त्यांचे गुण वाढले, तर ते मार्गदर्शनामुळेच वाढले असे म्हणता येत नाही. टोकाचे गुण काही अंशी योगायोगाने पडलेले असतात व दुसऱ्या मापनात ते सरासरीकडे सरकतात. मार्गदर्शन न मिळालेला तुल्य गट नसेल, तर हे दोन परिणाम वेगळे करता येत नाहीत.

अभ्यासक्रमाचे घटक : (१) प्रश्नाची मांडणी. ‘दूरचित्रवाणीचा मुलांवर परिणाम होतो का?’ हा प्रश्न संशोधनयोग्य नाही. कोणत्या वयाची मुले, कोणते कार्यक्रम, किती काळ, कोणते वर्तन व ते कसे मोजले, हे सांगितल्यावरच तो तसा होतो. विद्यार्थ्यास सर्वांत अवघड जाणारी आणि परीक्षेत सर्वांत कमी तपासली जाणारी पायरी हीच होय.

(२) अभिकल्प. ह्यात प्रायोगिक व नियंत्रित गट, यादृच्छिक वाटणी, बाह्य परिवर्त्यांचे नियंत्रण आणि प्रयोगकर्त्याच्या अपेक्षांपासून संरक्षण हे भाग येतात. सहसंबंध व कार्यकारणभाव ह्यांतील भेद येथे शिकविला जातो. क्रॉनबाक ह्यांनी १९५७ मध्ये प्रायोगिक आणि सहसंबंधात्मक अशी मानसशास्त्राची दोन दालने दाखवून त्यांच्या एकीकरणाची गरज प्रतिपादली होती. अनेक ठिकाणी ही दालने आजही वेगवेगळ्या शिक्षकांकडून, एकमेकांचा उल्लेख न होता शिकविली जातात.

(३) मापन. कसोटीची विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजल्यास तेच उत्तर मिळण्याचे प्रमाण, तर यथार्थता म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाणे. परदेशी कसोट्या वापरताना ह्या भेदाला फार महत्त्व येते. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बीने पद्धतीच्या बुद्धिकसोटीचे मराठी व कन्नड भाषांसाठी रूपांतर करून भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाविषयीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. अशा कामात शब्दांचे भाषांतर हा पहिलाच टप्पा असतो. प्रश्नांतील वस्तू, प्रसंग व म्हणी ह्या मुलांच्या अनुभवातील असाव्या लागतात, प्रश्नांची काठिण्यपातळी नव्याने ठरवावी लागते आणि मानके स्थानिक नमुन्यावरून काढावी लागतात. परदेशी मानकांशी ताडून खेड्यातील मुलाचा बुद्ध्यंक काढणे ही तांत्रिक चूक आहे, तशीच ती अन्यायकारकही आहे.

(४) नमुना. नमुना किती मोठा असावा, हा प्रश्न बहुधा रूढीने सुटतो. प्रबंधिकांत प्रत्येक गटात ३० व्यक्ती घेण्याची प्रथा आढळते. वस्तुतः दोन गटांतील मध्यांमध्ये प्रमाण विचलनाच्या निम्म्याइतका, म्हणजे मध्यम दर्जाचा, फरक खरोखरच असेल, तर तो ५ टक्के पातळीवर उघडकीस येण्याची शक्यता ८० टक्के राहावी म्हणून प्रत्येक गटात सु. ६४ व्यक्ती लागतात. ३० व्यक्ती घेतल्यास ही शक्यता निम्म्याहूनही किंचित कमी होते. म्हणजे खरा फरक अस्तित्वात असूनही तो सापडणे न सापडणे हे नाणेफेकीसारखे ठरते.

(५) विश्लेषण. मध्य, प्रमाण विचलन व सहसंबंध ह्यांपासून प्रचरण विश्लेषण, घटक विश्लेषण व बहुचल तंत्रांपर्यंतचा भाग ह्यात येतो. संगणकामुळे आकडेमोडीचे कष्ट संपले. तथापि कोणते गणित का करावयाचे, हा निर्णय संगणक करीत नाही.

(६) गुणात्मक पद्धती. मुलाखती, सहभागी निरीक्षण, व्यष्टिअध्ययन आणि कथनांचे विश्लेषण ह्यांना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासक्रमात वाढते स्थान मिळाले. येथेही शिस्त लागतेच : कोणते उतारे निवडले, कोणते वगळले व आपल्या अर्थनिर्णयाला विरोधी पुरावा शोधला की नाही, हे संशोधकाने स्पष्ट करावे लागते.

(७) नीती. स्टॅन्ली मिल्ग्रॅम ह्यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ व्यक्तींनी प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या माणसास सर्वोच्च तीव्रतेचा विजेचा धक्का देण्याची कळ दाबली. धक्के खोटे होते, पण प्रयुक्तांना झालेला मानसिक ताण खरा होता. ह्या प्रयोगावरील वादामुळे माहितीपूर्वक संमती, कधीही माघार घेण्याचे स्वातंत्र्य, गोपनीयता आणि प्रयोगानंतरचा खुलासा ही तत्त्वे अध्यापनाचा भाग झाली. भारतात आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आधारभूत मानली जातात. वर्गातील विद्यार्थ्यांनाच प्रयुक्त म्हणून घेताना ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यांना खरोखर असते का, हा प्रश्न शिक्षकालाही लागू होतो.

अध्यापनाची तंत्रे : नियम सांगण्यापेक्षा चूक घडवून ती दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. रॉबर्ट रोझेंथाल व कर्मिट फोडी ह्यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रायोगिक मानसशास्त्राच्या वर्गातील १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ उंदीर देण्यात आले. काहींना आपले उंदीर चक्रव्यूह शिकण्यात वंशतः हुशार, तर काहींना ते मंद असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात उंदरांची वाटणी यादृच्छिक होती. तरीही ‘हुशार’ म्हटलेल्या उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेचा प्रभाव विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नोंदींतून सिद्ध झाला, हे ह्या अभ्यासाचे शैक्षणिक मूल्य होय.

अलीकडे अनुकारी प्रात्यक्षिकेही वापरली जातात. संगणकाने यादृच्छिक, म्हणजे कोणताही खरा फरक नसलेले आकडे निर्माण करावयाचे व विद्यार्थ्यांनी त्यांवर परस्परांशी स्वतंत्र अशा २० चाचण्या करावयाच्या. त्यांपैकी निदान एक तरी ‘सार्थक’ ठरण्याची संभाव्यता सु. ६४ टक्के असते. शून्यातून निघालेला निष्कर्ष विद्यार्थ्याने स्वतः पाहिला, की अनेक चाचण्यांतून केवळ अनुकूल चाचणीच कळविणे का गैर आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरे तंत्र पूर्वप्रसिद्ध अभ्यासाच्या पुनरावृत्तीचे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने लहान नमुन्यावर नवा विषय हाताळण्याऐवजी वर्गाने मिळून एखाद्या प्रसिद्ध प्रयोगाची काटेकोर पुनरावृत्ती करावी, असा प्रस्ताव मायकेल फ्रँक व रेबेका सॅक्स ह्यांनी २०१२ मध्ये मांडला. ह्यात विद्यार्थ्यास मूळ लेखातील पद्धतीचे वर्णन किती अपुरे असते, ह्याचा अनुभव मिळतो आणि शास्त्रालाही उपयुक्त माहिती लाभते.

प्रबंधिका व मार्गदर्शन हे ह्या शिक्षणाचे अंतिम अंग. मार्गदर्शकाजवळ बसून, प्रश्नावली भरून घेताना, एखादी नोंद संशयास्पद वाटल्यावर ती ठेवावी की गाळावी ह्याची चर्चा करताना जे शिकले जाते, ते पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

फलश्रुती व दोष : हे शिक्षण उपयोगी पडते काय, ह्याचाही अभ्यास झाला आहे. डॅरिन लेमन, रिचर्ड लेंपर्ट व रिचर्ड निस्बेट ह्यांनी १९८८ मध्ये विधी, वैद्यक, मानसशास्त्र व रसायनशास्त्र ह्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तुलना केली. दैनंदिन जीवनातील प्रश्नांवर सांख्यिकीय व पद्धतिविषयक विचार करण्याची क्षमता मानसशास्त्राच्या व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत शिक्षणकाळात वाढलेली आढळली; रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांत तशी वाढ दिसली नाही.

ह्याउलट चित्रही आहे. हायको हालर व श्टेफान क्राउस ह्यांनी २००२ मध्ये जर्मनीतील सहा विद्यापीठांत सार्थकता-मूल्याच्या अर्थासंबंधी सहा विधाने चाचणीसाठी दिली; ती सर्व चुकीची होती. त्यांपैकी निदान एक विधान बरोबर मानणाऱ्यांचे प्रमाण विद्यार्थ्यांत १०० टक्के, इतर मानसशास्त्रज्ञांत सु. ९० टक्के आणि संशोधनपद्धती शिकविणाऱ्या शिक्षकांत ८० टक्के होते. गैरसमज विद्यार्थ्यांच्या अनवधानामुळे राहत नसून अध्यापनातूनच पुढील पिढीकडे जातात, असा ह्याचा अर्थ होतो. तसेच जेकब कोएन (१९२३–९८) ह्यांनी एका प्रमुख नियतकालिकाच्या १९६० च्या खंडातील अभ्यास तपासून, मध्यम दर्जाचा परिणाम उघडकीस आणण्याची त्यांची सरासरी क्षमता सु. ४८ टक्केच असल्याचे १९६२ मध्ये दाखविले होते. हा इशारा दशकानुदशके दुर्लक्षित राहिला.

त्याचे परिणाम २०११ नंतर उघड झाले. त्या वर्षी अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात भविष्यातील घटनांचे पूर्वज्ञान होत असल्याचा दावा करणारा डॅरिल बेम ह्यांचा नऊ प्रयोगांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातील पद्धती रूढ अशाच होत्या. म्हणूनच निष्कर्षाबरोबर पद्धतींविषयीही शंका निर्माण झाली. त्याच वर्षी जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन व युरी सायमनसन ह्यांनी एक विशिष्ट गाणे ऐकल्याने माणसाचे वय कमी होते, असा अशक्य निष्कर्ष प्रचलित सवलतींच्या आधारे ‘सार्थक’ करून दाखविला. नमुना केव्हा थांबवावा, कोणते परिवर्त्य कळवावे ह्यांसारख्या चार सवलती एकत्र घेतल्यास चुकीच्या सार्थक निष्कर्षांचे प्रमाण ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये मोठ्या संशोधकसमूहाने १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सार्थक होते; पुनरावृत्तीत ते प्रमाण सु. ३६ टक्के भरले.

ह्याच काळात नेदर्लंड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील डीडेरिक स्टापेल ह्यांनी अनेक वर्षे बनावट आकडे वापरल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय भाग असा, की पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांना ते तयार आकडे पुरवीत. विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करीत नसत. शंका उपस्थित केली ती काही तरुण संशोधकांनी. आकडा कोठून आला हे विचारण्याची सवय व गुरूलाही तो प्रश्न विचारण्याची मोकळीक, ही दोन्ही संशोधनशिक्षणाची अंगे आहेत, हे ह्या प्रकरणाने अधोरेखित केले.

ह्यानंतर अध्यापनात काही बदल झाले. माहिती गोळा करण्यापूर्वी गृहीतक, नमुन्याचा आकार व विश्लेषणाची रीत लिहून ठेवणे, म्हणजे पूर्वनोंदणी. मूळ आकडे तपासणीसाठी खुले ठेवणे. केवळ सार्थकतेऐवजी परिणामाचे परिमाण व त्यातील अनिश्चितता कळविणे, ह्या गोष्टी अनेक विद्यापीठांत शिकविल्या जाऊ लागल्या. तथापि पूर्वनोंदणीही यांत्रिकपणे उरकली गेल्यास तिचा आणखी एक विधी होण्याचा धोका आहेच.

भारतातील स्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्.डी.साठी संशोधनपद्धतींचा समावेश असलेला पूर्वाभ्यासक्रम सक्तीचा केला. संशोधन व प्रकाशन ह्यांच्या नीतीवरील दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये अनिवार्य ठरविण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३–२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती व संशोधन प्रकल्प ह्यांना निश्चित स्थान आहे.

अडचणी मात्र नियमांनी सुटणाऱ्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करणे हेच प्रात्यक्षिकाचे प्रयोजन होऊन बसते. प्रयोगाचा निष्कर्ष पुस्तकातील अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर विद्यार्थी तो ‘दुरुस्त’ करतो, कारण गुण त्यालाच मिळतील असे त्याला वाटते. अनपेक्षित निष्कर्ष जसाच्या तसा नोंदून त्याची कारणे शोधणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण देणे, एवढा साधा बदलही ह्या शिक्षणाची दिशा पालटू शकतो.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कला शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले असते व पदव्युत्तर वाचन प्रामुख्याने इंग्रजीत असते. पारिभाषिक शब्दांचे व्यवहारातील अर्थ काही वेळा दिशाभूल करतात. ‘सार्थक’ ह्या शब्दास मराठीत कृतार्थतेचा भाव चिकटलेला असल्यामुळे सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक निष्कर्ष हा महत्त्वाचा व मौल्यवानही असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात मोठ्या नमुन्यात नगण्य फरकही सार्थक ठरतो. ‘गृहीतक सिद्ध झाले’ हा प्रयोगही असाच सदोष होय. पुराव्याने गृहीतकास पुष्टी मिळते किंवा मिळत नाही, इतकेच म्हणता येते. अशा शब्दांची चिकित्सा मराठीतून वर्गात करणे हा संशोधनपद्धतींच्या अध्यापनाचाच भाग मानावयास हवा.

जगातील मानसशास्त्रीय ज्ञान कोणाच्या अभ्यासावर उभे आहे, हाही प्रश्न आहे. जेफ्री आर्नेट ह्यांनी २००८ मध्ये सहा अमेरिकी नियतकालिकांच्या पाहणीत ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील असल्याचे दाखविले. भारतीय विद्यार्थ्यास ह्यात मोठे कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी परदेशी प्रश्नावली भाषांतरित करून शहरातील महाविद्यालयीन तरुणांकडून भरून घेणे पुरेसे नाही. निरक्षर व्यक्ती, शेतमजूर स्त्रिया किंवा एकत्र कुटुंबातील वृद्ध ह्यांना प्रश्न कसा विचारावा, त्यांच्या उत्तरांत आदरापोटी आलेला होकार किती, हे प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊनच शिकावे लागते.

मानसशास्त्राचे बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी पुढे संशोधक होत नाहीत. ते समुपदेशक, चिकित्सक, शिक्षक किंवा उद्योगसंस्थांतील अधिकारी होतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने संशोधक व व्यवसायी अशा दोन्ही भूमिकांसाठी तयार व्हावे, हा विचार १९४९ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथील परिषदेने पुरस्कारिला. १९७३ च्या व्हेल येथील परिषदेने व्यवसायप्रधान शिक्षणाचाही पर्याय मान्य केला. तथापि संशोधन न करणाऱ्या व्यवसायीलाही एखादी नवी कसोटी किंवा उपचारपद्धती स्वीकारावी की नाही, हे ठरवावे लागतेच. तिच्या समर्थनार्थ दिलेला पुरावा वाचता येणे, तुलनेसाठी गट होता का, किती व्यक्ती होत्या, किती मध्येच सोडून गेल्या, हे प्रश्न सुचणे, एवढे त्याच्या अंगी बाणले तर हे शिक्षण सफल झाले असे म्हणता येते. ह्या प्रश्नांची सवय नसलेल्या व्यवसायीच्या चुकांचे परिणाम त्याच्याकडे विश्वासाने येणाऱ्या माणसांना भोगावे लागतात.